चार नंबरचा अलार्म

तिसऱ्या रात्रीही चार नंबरचाच अलार्म वाजला.

हवाबाई तेव्हा दोन मजले खाली होती. श्वासाची यंत्रं सांभाळणारी ती रात्रपाळीतली एकटीच थेरपिस्ट, म्हणून सगळं हॉस्पिटल तिला हवाबाई म्हणायचं. लिफ्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. ती जिना चढून धापा टाकत आयसीयूत शिरली, बघते तर तेच! चार नंबरच्या बाईंनी व्हेंटिलेटरचा पाइप पुन्हा उपसून टाकला होता.

"काय हो बाई, मी काय तुमचं घोडं मारलंय?" तिने पाइप खटकन जोडला. यंत्र गप्प झालं.

बाई निवृत्त शिक्षिका. घशात नळी, त्यामुळे बोलणं बंद; पण नजर अशी, की अख्खा वर्ग चिडीचूप व्हावा. उजव्या हाताचं बोट उचलून त्या शेजारच्या पडद्याकडे दाखवत राहिल्या.

"खिडकी हवीय त्यांना," सिस्टर म्हणाली. "ती पाच नंबरच्या बाजूला आहे ना. रोजचं झालंय हे."

"रात्री तीन वाजता काय बघायचंय खिडकीतून? पार्किंग?"

पडद्यापलीकडे पाच नंबरवर ट्रकचा ड्रायव्हर होता. दोन दिवसांपूर्वीच त्याचं यंत्र काढलं होतं. मानेतल्या नळीतून श्वास आपला आपण घ्यायचा, पण आवाज नाही आणि कफ खोकून काढायची ताकदही नाही. आलेच आहे तर, म्हणून तिने त्याच्या नळीत सक्शन फिरवलं. घट्ट, चिकट गोळा निघाला. ड्रायव्हरने डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि पलंगाच्या कठड्यावर बोटांनी दोनदा टकटक केली.

"थँक्यू म्हणतोय," सिस्टर हसली. "दिवसभर हेच. हॉर्न वाजवायची सवय जात नाही बघ."

त्याच्या बोटावरची ऑक्सिजन मोजायची क्लिप नेहमीसारखी निसटली होती. ती निसटली की मॉनिटर उगाच बोंबलायचा, म्हणून सिस्टरने त्याचा आवाज कधीच बंद करून टाकला होता. हवाबाईने क्लिप जागेवर लावली आणि फॉर्म भरायला बसली.

पाइप निघाला की फॉर्म. वेळ, कारण, जबाबदार व्यक्ती. या मजल्यावरच्या कॉलबेल महिनाभर बंद होत्या, त्याचा फॉर्म मात्र कुणी भरत नव्हतं.

सकाळी इन्चार्जबाईंनी तिन्ही फॉर्म तिच्यापुढे पसरले.

"तीन रात्री, तीन फॉर्म. आता तुझी दिवसपाळीची फाइल मी कुठल्या तोंडाने पुढे सरकवू?"

"मग मी काय करू मॅडम? पाइपला मिठी मारून बसू? खाली आणखी दोन वॉर्ड आहेत माझ्याकडे."

"ते तू बघ. उद्या यादी जाणार आहे. आज रात्री फॉर्म नको म्हणजे नको."

घरी सासूबाई दारातच भेटल्या. "काल तुझा टी-शर्ट उराशी धरून दाराशीच झोपली गं पोरगी. उचलून आणलं तर परत तिथेच."

अडीच वर्षांची लेक. झोपेत तिच्या छातीचं वरखाली होणं बघत हवाबाई दुपारभर जागीच राहिली. जगाचे श्वास मोजायचे आणि आपल्या पोरीचे तेवढे राहून जायचे! दिवसपाळी मिळाली तर रात्र आपली. एवढंच तर मागत होती ती.

चौथ्या रात्री ड्यूटीवर आल्या आल्या तिने डॉक्टरांना गाठलं. हात बांधायच्या परवानगीवर त्यांनी पेंगत सही केली.

बांधायचे मऊ पट्टे बाहेर काढताच बाईंनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

"तुमच्याच भल्याचं आहे, बाई. असा पाइप काढून मराल एखाद दिवशी."

पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी जागा ठेवायची असते. तिने एकाच बोटापुरती ठेवली.

दोन वाजता सिस्टरने ड्रायव्हरचा कफ काढला. पुढची वेळ सहाची, म्हणून ती दुसऱ्या टोकाच्या पेशंटांकडे वळली.

तीनच्या सुमाराला हवाबाई दारातूनच डोकावली. बाई जाग्याच होत्या, मनगटं ओढत होत्या. पडद्यामागून टकटक ऐकू येत होती. स्वारी आज कुणाला थँक्यू म्हणतेय, असं मनात येऊन तिला हसू आलं. चार नंबरचं यंत्र गप्प होतं. यंत्र गप्प म्हणजे सगळं ठीक. ती खाली गेली. कित्येक रात्रींनी बसून डबा खाल्ला आणि चहा गरम असताना प्यायली.

सहाला पाच कमी असताना ती फाइल भरायला वर आली. 'रात्रभरात एकही घटना नाही.' सही करताना हात हलका वाटला. टेबलापाशीच तिने सासूबाईंना मेसेज पाठवला, 'पोरीला सांगा, आई आता रात्री घरी असणार.'

मग ती पट्टे सोडायला गेली. बाईंची मनगटं सोलून लाल झाली होती. उशी दोन्ही बाजूंनी ओली होती.

"झालं हं, झालं. किती तो त्रागा!" ती ओशाळून म्हणाली. "हे बघा, उजवा हात सोडतेय. पण पाइपला हात लावायचा नाही. कबूल?"

तिने पट्टा सोडला आणि एक हात तयारीनेच पाइपवर ठेवला.

बाईंचा हात पाइपकडे गेलाच नाही. त्याने पडदा मुठीत धरला आणि होती नव्हती ती ताकद लावून बाजूला ओढला.

पाच नंबरचा मॉनिटर लाल होऊन मुकाट लुकलुकत होता. आणि कठड्यातून बाईंच्या पलंगाच्या दिशेने बाहेर आलेला ड्रायव्हरचा हात केव्हाच गार पडला होता.