संदर्भासाठी दिलेला नंबर

"हा नंबर तुम्हाला कोणी दिला?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"त्यांनीच दिलाय, सर. फॉर्मवर लिहिलाय," फोनवरची बाई न कंटाळता म्हणाली. एका औषध कंपनीत ती प्रशिक्षण विभाग सांभाळत होती. दोनशे सुपरवायझरांना शिकवायला बाहेरची संस्था निवडायची होती. तीन संस्था शेवटपर्यंत आल्या होत्या. त्यांतली एक एकटाच माणूस चालवत होता. तिच्याबद्दल बाईला विचारायचं होतं. "तुम्ही पूर्वी त्यांच्याकडून प्रशिक्षण घेतलं होतं ना? पाचच मिनिटं घेईन."

ते खुर्चीत नीट बसले. तो एकटा माणूस म्हणजे त्यांचा मुलगा होता. नऊ वर्षं तो त्यांच्याशी धड बोलला नव्हता. आईच्या आजारपणात आला, अखेरपर्यंत राहिला. औषधांच्या वेळा आणि डॉक्टरांचे निरोप, एवढंच बोलला आणि ती गेल्यावर निघून गेला. त्यालाही आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून या दोन खोल्यांत फोन वाजला तर तो विमा विकणाऱ्यांचा. ते त्यांनाही सोडत नसत. राहता कुठे, जेवण झालं का, घरी कोण कोण असतं, अशा चौकशा सुरू करत. शेवटी विमा विकणारी मुलगीच "काम आहे हो, काका" म्हणून फोन ठेवून देई.

आणि आज मुलाने त्यांचा नंबर दिला होता. आपल्याबद्दल चार शब्द चांगले बोलतील, अशा माणसांत त्यांना धरलं होतं.

"घ्या लिहून," ते म्हणाले. आवाज नको तितका मोठा निघाला. "माणूस मेहनती आहे. विषय पक्का. समोरच्याला कमी लेखत नाही. डोळे झाकून काम द्या."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"सर, माझाच गोंधळ होतोय का बघा," बाई जपून म्हणाली. "समाधानी ग्राहकांची यादी वेगळी आहे. त्यांच्याशी माझं बोलणं झालं. आम्ही प्रत्येक संस्थेकडून आणखी एक नंबर मागतो. ज्याने त्यांचं काम मध्येच बंद केलं, अशा ग्राहकाचा. तुमचा नंबर तिथे आहे. नाव नाही, नुसतं 'उत्पादन प्रमुख'."

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं. तिची टीं टीं थांबेपर्यंत ते ऐकत राहिले.

"कारण काय लिहिलंय?"

"एकच ओळ आहे. 'ग्राहकाचं म्हणणं बरोबर होतं. माझी तयारी नव्हती.'"

'तयारी नाही' हे शब्द त्यांचे स्वतःचेच होते. नऊ वर्षांपूर्वी ते व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन प्रमुख होते. मुलाचं ते पहिलंच मोठं काम. विषय होता, माणसाचा अपमान न करता त्याची चूक कशी सांगावी. निवड वरच्या साहेबांनी केली होती, यांनी साधा शब्दही टाकला नव्हता. तरी तिसऱ्या दिवशी कँटीनच्या रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, "घरचंच कार्य आहे." ते त्यांना झोंबलं. चौथ्या दिवशी सकाळी चाळीस माणसांसमोर ते उभे राहिले. "बंद करा हे. यांची तयारी नाही." मुलाने फळ्यावरचं अर्धं वाक्य पुसलं, पिशवी उचलली, "बरं, साहेब" म्हणाला आणि गेला. बाबा अशी हाक त्यानंतर त्यांना आलीच नाही. कारखान्यात मात्र त्यांचं नाव झालं. माणूस असावा तर असा, पोटच्या पोरालाही सोडत नाही.

"सर, ऐकताय ना?"

"ते खोटं आहे," ते म्हणाले.

"काय खोटं?"

"तयारी नव्हती हे. तयारी चोख होती. आमच्याकडे एक फोरमन होता. अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा ओरडायचा. शिकवणं तीनच दिवस झालं, पण तेवढ्यात तो माणसाला बाजूला घेऊन बोलायला लागला. मी डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो. मी घाबरलो होतो, म्हणून काम थांबवलं. चूक माझी. असंच्या असं लिहा."

पलीकडे थोडा वेळ नुसतं पेन चालत होतं.

"खरं सांगू, सर? या नंबरांवर फोन केला की आम्हाला फक्त तक्रारी ऐकायला मिळतात. स्वतःची चूक कोणी सांगत नाही. याने फरक पडेल. यांच्यात आणि दुसऱ्या संस्थेत अगदी उन्नीस-बीस चाललंय."

"ते... भेटायला आले होते का तुमच्याकडे?"

"मागच्याच आठवड्यात."

"कसे आहेत?"

"बरे आहेत की. जरा लंगडत होते. जिन्यात पाय मुरगळला म्हणाले."

"कुठला पाय?"

"ते काही लक्षात नाही, सर," ती हसली. "बरं, शेवटचा प्रश्न. सगळ्यांनाच विचारावा लागतो. तुमचं त्यांच्याशी काही नातं? नात्यातल्यांचं मत आम्हाला धरता येत नाही. सगळंच बाद करावं लागतं."

गेल्या कित्येक वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. उत्तर ओठांशी आलं होतं. त्यांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

"नाही," ते म्हणाले. "कामापुरती ओळख होती."