उजवा कौल

गुरुदास हा देशाच्या आकडेवारीचा प्रमुख. आधी कशाची मोजणी करायची आणि कुठला आकडा कधी बाहेर काढायचा, हे त्याच्या सहीने ठरतं. लहान मुलांच्या वजनाच्या पाहणीचा आकडा यंदा फार वाईट आला, तेव्हा वरून प्रेमळ सूचना आली की पाहणी पुन्हा घेऊन बघा. त्याच्या स्वतःच्या पदाची मुदतवाढही वरच अडकली होती. त्याने दोन दिवस रजा टाकली आणि गावी येऊन रवळनाथाला कौल लावला.

भाई गुरवाने देवाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आकडो जसो आसा तसो जाहीर करूचो असात, तर उजवी पाकळी दी रे म्हाराजा."

उजवी पाकळी पडली. गुरुदासचा चेहराही पडला.

"भाई, आजून एकदा लाव."

"कित्याक? देवान सांगल्यान मां?"

"एका पाकळीवरून निष्कर्ष काढत नाहीत. नमुना फार लहान आहे." गुरुदास एकदम ऑफिसच्या मराठीत गेला.

भाईने शांतपणे नवी पाकळी भिजवली. "लावतंय. तुका होयी ती पाकळी पडासर परत परत लावतंय. पण मगे तो कौल देवाचो नाय, तुझो."

गेल्या आठवड्यात दिल्लीत गुरुदासला नेमकं हेच बोलायचं होतं. तिथे तो "बघतो, सर" म्हणून उठला होता.

"ऱ्हवांदे, भाई."

"मगे उजवोच धरूचो?"

"जसो आसा तसो," गुरुदास म्हणाला, आणि मोबाइलला रेंज मिळते त्या चढणीकडे चालू लागला.