पुढची मुलगी

सिंधूने कापलेली कागदी मुलगी कार्डावर ठेवली, तिच्या खांद्याआडून ठसा दाबला आणि हलकेच उचलला.

चिंतामण मास्तर शेजारीच बसले होते. अमरावतीच्या एका शाळेत ते ड्रॉइंग शिकवत आणि दर संक्रांतीला आजोळी पाठवायचं कार्ड आपल्या मुलींकडून करून घेत. लाकडी ठसा एकच होता. परकर नेसलेली, हात पुढे करून तिळगूळ देणारी मुलगी. दोघी बहिणींना तो पुरे. मोठ्या गोदावरीने आधी पुढचा ठसा मारायचा. तो वाळला की त्याच आकाराच्या कागदाने झाकायचा. मग सिंधूने जरा बाजूला सरकून, कागदाच्या कडेवरून, दुसरा ठसा मारायचा. कागद काढला की थोरली पुढे आणि धाकटी तिच्या आडून डोकावताना दिसे. झाकण केसभर लहानच कापायचं, मास्तर सांगत, नाहीतर दोघी एकमेकींपासून तुटलेल्या दिसतात.

दिवाळीत मानमोडीच्या तापात गोदावरी गेली. हिवरखेडच्या आजीला हे अजून कळवलं नव्हतं. ती स्वतः त्याच तापातून जेमतेम उठली होती, आणि एवढ्यात तिला काही सांगू नका, असा मामाचा निरोप होता. म्हणून कार्डावर या वर्षीही दोघी हव्या होत्या.

सिंधूने कागद काढला. मागची अर्धी मुलगी उमटली होती. पुढे कोणी नव्हतं. नुसती मुलीच्या आकाराची पांढरी जागा.

मास्तरांना वाटलं, क्रम चुकला. त्यांनी दुसरं कार्ड दिलं, आधी काय आणि मग काय ते बोट ठेवून पुन्हा समजावलं. सिंधूने मान डोलावली, आणि पुन्हा कागदच आधी ठेवून आपला ठसा मारला.

"काहून बाळा? आधी ताईचा मार ना."

"तिचा तीच मारते, बाबा. मी कधी मारला?"

टपाल दुपारी निघणार होतं. मास्तरांनी ठसा शाईच्या गादीवर दाबला आणि त्या पांढऱ्या जागेवर नेमका धरला. टेकवायचा तेवढा राहिला होता. सिंधूने तोंड फिरवलं.

सिंधूची आई कौशल्या मघापासून दारात उभी होती.

"नका मारू," ती म्हणाली. "असंच जाऊ द्या."

"आणि हिवरखेडला आईंनी विचारलं तर?"

"नाही विचारणार. तिले दिसेल."

मास्तरांनी ठसा बाजूला ठेवला. कौशल्या पुढे झाली आणि चुलीत टाकायला खालची कातरणं गोळा करू लागली. कागदी मुलगीही तिच्या मुठीत गेली.

"ते नको जाळू, आई. माझा हात तिच्यापाशी राहिला."

कौशल्याने मूठ उघडली. कार्डावर न उमटलेली सिंधू त्या कागदावर उमटली होती. अर्धा चेहरा, अर्धा परकर, आणि पुढे केलेला हात. दोनदा, एकावर एक. शाई अजून ओली होती.

तिने कागद चुलीपासून दूर, कोनाड्यात ठेवला. मग सिंधूचा उजवा हात धरला. मास्तर कार्ड टपालात टाकून परत आले, तरी तिने तो सोडला नव्हता.