गावचं पोस्ट

इन्स्पेक्टर साहेबांनी कडूबाची टपालाची थैली एका हातानं उचलायला घेतली. हलेना, तेव्हा दोन्ही हात लावले.

"एवढं वजन? या गावात?"

कडूबा नुसता हसला. खांदा सोलवटला होता, पण गेले चार महिने त्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता. कसा काढणार? तोटा असाच राहिला तर पोस्ट बंद, असं हेच साहेब मागच्या खेपेला बजावून गेले होते. पोस्ट बंद म्हणजे बीबी गावच्या मोठ्या पोस्टापर्यंत चार कोस थैली वाहणाऱ्या कडूबाची भाकर बंद. मग गावानंच मनावर घेतलं. पार्सलामागं पोस्टाला बरे पैसे सुटतात म्हणे! झालं. सुलतानपूरला घरोघरची सोयरीक होतीच. कोणी व्याह्याला हरभरे धाडले, कोणी साडूला ओवा. आठ आण्यांचा माल अन् रुपयाचं टपाल. गोजरबाईनं तर लेकीला वरवंटा धाडला. लेकीच्या घरी दोन होते, तरी!

शाळा सांभाळून पोस्ट चालवणाऱ्या वामनराव गुरुजींनी वही पुढं केली. साहेबांनी ती सावकाश वाचली.

"तोटा भरून निघाला, गुरुजी. पोस्ट राहील."

ओट्यावर एकच गलका झाला. "जिंकलं बे, कडूबा!" कोणीतरी त्याच्या पाठीत थाप घातली. कडूबाला भरून आलं. एका माणसाच्या भाकरीसाठी एवढं गाव झिजलं!

"मात्र," साहेब म्हणाले, "इतकं ओझं माणसाच्या खांद्यावर देता येत नाही. तसा वरून हुकूम आहे. आता सडकही झाली. एक तारखेपासून थैली एस.टी.नं जाईल."

"मले जमते, साहेब! अजून दोन पार्सलं टाका, तरी जातो."

"तुला जमेल रे. कागदावर बसत नाही."

गलका जागच्या जागी विरला. जो तो खाली पाहू लागला. गोजरबाई पदर तोंडाला लावून पुढं आली.

"तुह्यासाठीच धाडत होतो रे, बाप्पा."

"हाव, काकू. मले का ठाऊक नाही?" कडूबा वाकला. थैली खांद्यावर चढेना. "जरा हात लावा. आजचं तं मलेच न्या लागते."