बिल्ल्यावरचं नाव

एकोणीसशे सतरा साली जर्मनाच्या लढाईच्या भरतीत आमच्या सांगोल्याकडच्या गावातून पाटलाच्या आनंदरावाचं नाव लागलं. पाटलानं लेकाला कणगीमागं दडवलं आणि त्याच्या नावावर येडू धनगराला बसऱ्याला धाडलं. येडू मांडीत गोळी घेऊन परतला. लंगडत मेंढरं राखली, चार पोरी उजवल्या आणि अठरा वर्षांनी, परवा, अकाली म्हातारा होऊन गेला.

राख सावडायच्या आतच पाटील चार माणसं घेऊन दारात हजर. "येडूबा वाघ होता वाघ! गावाची लाज राखली त्यानं," म्हणत कोरडे डोळे पुसले. मग येडूच्या बायकोकडं वळला. "म्हाळसे, तो लढाईचा बिल्ला तेवढा दे. आनंदराव लोकल बोर्डाला उभा ऱ्हातोय. सोलापुरात सायबापुढं छातीवर लावायचा हाय."

"बिल्ला माज्या धन्याचा हाय."

"कडंला इंग्रजीत काय कोरलंय, घे की वाचून कुणाकडनं! नाव आनंदरावाचं हाय. तुज्या येडूचं नाव सरकारात कुटंच न्हाय."

मेलेल्याच्या दारात हे बोलताना त्याची जीभ अडखळली नाही. सोबतचे चौघे माना हलवत होते.

म्हाळसाबाई आत गेली आणि बिल्ला आणून तिनं पाटलाच्या हातावर ठेवला.



"न्या की, पाटील. पर लढाईला गेल्याला आनंदराव परवा मेला. आता घरी जावा आन् सुनंच्या बांगड्या फोडा."