पंप उशीखाली

बाळ रडून रडून लालबुंद झालं, तरी तो उठला नाही. बायकोने आतल्या खोलीतून हाका मारल्या, तरी उठला नाही. गॅलरीतल्या टबाला लावलेला हवेचा पंप बंद झाला, तसा मात्र ताडकन उठून बसला.

"लाइट गेले?"

लाइट कुठले जातायत? डोक्यावर पंखा गरगरत होता. रविवारची दुपार, पोट भरलेलं, सोफ्यावर मस्त ताणून दिलेली. त्याच्या पायाशी बायको उभी होती. एका खांद्यावर टिल्ली, हुंदके देऊन देऊन दमलेली. दुसऱ्या हातात साबणाच्या वडीएवढा पंप. वायर खाली लोंबत होती.

"म्हणजे कान शाबूत आहेत तुझे," ती म्हणाली.

"अगं, काढलास कशाला तो? मुळं गुदमरतील ना! पाण्यात हवा नको?"

"हिला धर."

"आधी पंप लाव. या उन्हात पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात हवा टिकत नाही. संध्याकाळपर्यंत मुळं तपकिरी, बुळबुळीत. मग संपलंच सगळं!"

तिला हे पाठ होतं. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर वाढवलेलं त्याचं ते लेट्यूस! रोज सकाळी तोंडही न धुता तो टबाचं झाकण उचलायचा, पांढरीशुभ्र मुळं बोटांनी हलकेच सोडवायचा आणि "शाब्बास माझ्या राण्यांनो" म्हणायचा. टिल्लीची दुपटी कुठल्या कप्प्यात असतात, ते त्याला अजून विचारावं लागत होतं.

"पानांचा गुदमरलेला श्वास ऐकू येतो तुला," ती म्हणाली. "मी केव्हाची हाका मारतेय. ताप चढलाय मला. दूध साठून छाती दगडासारखी झालीय, हात वर जात नाही."

"मग हलवून उठवायचंस ना!"

ती हसली. हे असलं हसू त्याने तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"उठवलंच की." तिने टिल्ली त्याच्या मांडीवर ठेवली. "आता मी झोपणार. पंप माझ्या उशीखाली. झोप झाली की मिळेल."

"आणि तोवर काय करू?"

"तुझ्या त्या बागवाल्यांच्या ग्रुपवर लोकांना शिकवतोस ते. पंप बिघडला तर आंघोळीचा मग घ्यायचा, टबातलं पाणी उचलायचं आणि उंचावरून परत ओतायचं. पाणी आपटलं की हवा मिसळते." दाराची चौकट धरून ती जरा थांबली. "आणि उशीला हात लावायला आलास, तर पंप बाथरूमच्या बादलीत जाईल. बुडबुडे मोजत बस मग."

ती पलंगावर पडली. अंग तव्यासारखं तापलं होतं, डोळ्यांत निखारे. पण कान जागे होते. बाहेर टिल्लीने पुन्हा भोकाड पसरलं. "अरे अरे, नाही नाही, बघ बघ," असं काहीबाही झालं. थोड्या वेळाने टबाला मग खरवडल्याचा आवाज, आणि धबाक्.

टिल्ली गप्प.

धबाक्. आता तर ती खुदकन हसली. बोळक्या तोंडाचं, पोटातून येणारं हसू. तो दमून थांबला की लगेच किंचाळी. ओतलं की हसू. थांबला की किंचाळी.

शाब्बास माझ्या राणी, तिने मनात म्हटलं. त्याचा दंड भरून आला असेल. येऊ दे. पाठीला रग लागली असेल. लागू दे. प्रत्येक धबाक् ऐकताना तिला तापातही गार वाटत होतं. डोळा लागणार, इतक्यात बेल वाजली.

खालच्या मजल्यावरून सासूबाई आल्या होत्या. "काय रे हे? माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धार लागलीय वरून!"

"आई, बरी आलीस!" त्याचा आवाज एकदम शाळकरी झाला. "हिचं बघ ना गं. माझा पंप उशीखाली घेऊन झोपलीय. तेवढा काढून दे. तुला काही नाही म्हणायची."

सासूबाईंना लेकाचा शब्द म्हणजे पूर्व दिशा. त्याच्या वाटीत भाजी कमी पडली तरी त्यांना खालच्या मजल्यावर ठसका लागायचा. तिने उशीखाली हात घालून पंप धरायला पाहिलं. पण मूठ वळेना, इतकी ती गळून गेली होती.

पावलं आत आली. कपाळावर गार हात टेकला. कपाळावरून गळ्यापाशी गेला, तिथेही थोडा वेळ थांबला. मग तोच हात उशीखाली सरकला.

तिने डोळे उघडले नाहीत. बोटांना पंप लागला, ते तिला कळलं. वायर हळूच ओढली गेली. पलंगाखाली लोंबणारं टोक वर आलं. त्याची नीट गुंडाळी झाली. आणि ती गुंडाळी, पंपासकट, उशीखाली पार भिंतीपर्यंत सारली गेली. पंख्याचा वेग वाढला. दार अलगद लोटलं गेलं.

"मिळाला?"

"नाही बाबा."

"अगं, असं कसं? तिथेच आहे!"

"नाही म्हटलं ना."

"बरं, टिल्लीला तरी घे. खांदा गेला माझा."

"कशाला? रमलीय की बापाकडे." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. सासूबाई ऐसपैस बसल्या असाव्यात. "ओत तू. आणि असं कंबरेएवढ्यावरून नको रे, चांगलं उंचावरून ओत."