पालकाची मंजुरी

अश्वजितचं हॉलतिकीट काही निघालं नाही. पण ते निघालंच आहे असं धरून पुढं वाचा, उगाच कुणाला टेन्शन नको.

लातूरला क्लास लावल्यावर त्यानं नव्या फोनवर मोठ्या हौसेनं एकच कामाचं अ‍ॅप टाकलं: अभ्यासाचं कुलूप. परीक्षा होईपर्यंत फोनवर फक्त बोलता येणार, बाकी सगळं बंद. मधेच उघडायचं तर पालकानं आपल्या फोनवरून मंजुरी द्यायची. पालक म्हणून त्यानं मुदखेडला राहणाऱ्या आईचा, महामायाबाईंचा नंबर दिला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो हॉलतिकीट काढायला नेट कॅफेत बसला, तर ओटीपी आला तो कुलपाच्या आत. त्यानं आईला फोन लावला.

"आई, मंजुरीचं आलं आसंल बघ तुझ्या फोनवर. दाब लवकर!"

"दिसतंय कुठं रे? म्या बी तेच अ‍ॅप टाकून घेतलंय. लेकरू तिकडं कोंडून घेऊन राहिलं आन मी हिकडं मालिका बघू व्हय?"

अश्वजितनं घाईघाईनं विचारलं, "मग तुझा पालक म्हणून कुणाचा नंबर दिला?"

"तुझाच की रे राजा! आपल्या घरात मोबाईलमधलं तुलाच तर कळतं."

मागं रांगेतली पोरं चुळबुळ करायला लागली. अश्वजितनं अ‍ॅपमधलं मदतीचं बटण दाबलं. उत्तर मात्र लगेच आलं.

 

"पालक उपलब्ध नसल्यास पालकाच्या पालकांनी स्वतःच्या मोबाईलवरून तत्काळ मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती."